बुडबुड्याचा कौल

चर्रर्र.

दुपारी अडीच वाजता आमच्या घरात एवढा एकच आवाज होतो. सासूबाई माजघरात आडव्या झालेल्या असतात, मांजर चुलीमागे, माडाचं पातं हलत नाही, आणि तेवढ्यात चर्रर्र. तन्वीच्या पायांना झोपताना बांधलेल्या पट्ट्यांचा वेल्क्रो. म्हणजे बाईसाहेब जाग्या झाल्या. पहिला आवाज उजव्या पायाचा. मग थोडा वेळ काही नाही, कारण वाकल्यावर सरळ व्हायला तिला वेळ लागतो. मग डाव्या पायाचा. या दोन आवाजांमधलं अंतर मी मोजत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. गेल्या उन्हाळ्यात तेवढ्या वेळात माझा एक ओला काजूगर सोलून व्हायचा. यंदा तीन होतात.

तन्वी, माझी लेक, सात वर्षांची आहे. तिच्या स्नायूंना लागणारं एक प्रथिन तिच्या अंगात बनत नाही, म्हणून स्नायू झिजत जातात. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. घरी पोचेपर्यंत त्याचं 'मसलचा कायतरी' झालं, वाडीत पोचेपर्यंत 'पायात ताकद नाय' झालं, आणि शेवंतीकाकीकडे पोचलं तेव्हा 'रसिकान गरोदर असताना कुर्ल्यो खाल्ल्यान' एवढंच उरलं होतं. कुर्ल्यो म्हणजे खेकडे. रसिका म्हणजे मी. शेवंतीकाकी म्हणजे सासऱ्यांच्या धाकट्या भावाची बायको. तिचं घर दगडी गडग्यापलीकडे आहे, पण जीभ आमच्या पडवीत राहते.

"आमच्या घराण्यात असा काय नाय हां," सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. मग रक्ताचा रिपोर्ट आला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की जीनची एक बिघडलेली प्रत आईकडून, एक बापाकडून; दोन्ही मिळाल्या म्हणून आजार. सासूबाईंनी चष्मा लावून तो कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत दिला.

"ह्यां इंग्रजीत आसा," त्या म्हणाल्या. म्हणजे अमान्य.

मी सावंतवाडीला बीएस्सी केलं, विषय प्राणिशास्त्र. त्याचा उपयोग लग्नानंतर एकदाच झाला होता, सासूबाईंना बांगड्याच्या पोटातलं यकृत आणि जठर वेगळं करून दाखवताना, आणि तेव्हाही त्या म्हणाल्या होत्या, "तां माका ठावक आसा, तू आधी खवल्यां काढ." पण तन्वीचा रिपोर्ट आल्यापासून मी पुन्हा वाचायला लागले. फोनवर, ती झोपलेली असताना. जानेवारीत एक शोधनिबंध सापडला. शब्दकोश उघडून चार दुपारी वाचला.

त्यातलं तंत्र असं. सूक्ष्म बुडबुडे करायचे, आत वायू, वर चरबीचं पातळ कातडं. त्यांच्यासोबत चांगला जीन रक्तात सोडायचा. मग पायावर बाहेरून अल्ट्रासाऊंड लावायचा. कानाला ऐकू न येणाऱ्या त्या ध्वनीने बुडबुडे फुगतात, आक्रसतात, फुटतात, आणि त्या धक्क्याने शेजारच्या पेशींच्या भिंतींना क्षणभर बारीक भोकं पडतात. जीन आत शिरतो. भोकं आपली आपण बुजतात. उंदरांच्या मागच्या पायांवर हे करून पाहिलं होतं, आणि त्यांच्या स्नायूंत जे प्रथिन नव्हतं ते बनायला लागलं होतं. मी ते वाक्य इतक्या वेळा वाचलं की फोन आपणहून मला झोपायला सांगायला लागला.

निबंधाच्या शेवटी एक वाक्य आहे. अठ्ठाविसाव्या दिवशी सर्व उंदरांना वेदनारहित मृत्यू देऊन त्यांच्या पायांचे स्नायू तपासले गेले. ते मी एकदाच वाचलं.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे मी तन्वीला चित्र काढून दिलं. स्नायूची पेशी म्हणजे कौलारू घर, दार बंद. बाहेर एक गोल बुडबुडा, हातात चिठ्ठी. चिठ्ठीत कृती.

"कसली कृती?"

"आजी वडे करते ना, त्याची. तुझ्या घरात जी वही आहे तिच्यात एक ओळ लिहायची राहिलीय. म्हणून वडे फुगत नाहीत. बुडबुडा ती ओळ घेऊन आलाय."

"दार कोण उघडता?"

"आवाज. ऐकू न येणारा."

"मगे घरातल्यांका कसो ऐकू येता?"

अशी ती. शेवटी तिने बुडबुड्याला हसरं तोंड काढायला लावलं आणि पुढचे दोन दात खोडायला लावले, कारण तेव्हा तिचेच दोन पडलेले होते. चित्र भिंतीला लावलं. उंदीर बरे होऊन चाकावर धावायला लागले, इथे मी गोष्ट संपवली.

मग शेवंतीकाकी साखर मागायला आली.

साखर तिच्याकडे असते. चित्राचा फोटो काढला, गोष्ट तन्वीकडून वदवून घेतली आणि संध्याकाळपर्यंत 'आमची वाडी' ग्रुपवर टाकली: बुडबुड्याने लुळी माणसं चालू लागली, डॉक्टरांनी लपवलेलं सत्य, रसिका बीएस्सी. पुढे ते कुठे कुठे गेलं ते मला कळलं नाही. मार्चमध्ये कळलं. कट्टा या जवळच्या गावी बाजाराच्या दिवशी एसटीतून उतरले, आणि खताच्या दुकानावरच्या माडीवर माझा बुडबुडा टांगलेला दिसला. आठ फुटी. दोन दात नसलेला.

'नवसंजीवन सेल केअर. बुडबुडा जीन थेरपी. कोकणात प्रथमच.' खाली डॉ. धनेश अमुकतमुक आणि नावापुढे पदव्यांची एवढी अक्षरं की लांबून ती आगगाडीसारखी दिसावीत. याच माडीवर गेल्या वर्षीपर्यंत सांधेदुखीचं तेल मिळायचं. तेलवालेही धनेशच होते, पण तेव्हा ते नुसते वैद्य होते. वर्षभरात माणूस किती शिकतो!

मी घरी येऊन सांगितलं की तो माणूस भोंदू आहे. सासूबाईंनी ऐकलं ते एवढंच, की औषध कट्ट्याला मिळतं.

"मुंबयेक जावची गरज नाय बघ," त्या म्हणाल्या. "देवान दारात आणून ठेवल्यान."

पहिला विरोध केला तो सुदेशने, माझ्या नवऱ्याने. सुदेश तारकर्लीला स्कुबाच्या बोटीवर असतो. घाटावरच्या माणसांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवतो आणि फोटो काढून वर आणतो. त्याला बुडबुडा म्हणताच झिणझिण्या आल्या.

"रक्तात बुडबुडो? खुळावलास काय तुमी? आमका पयल्या दिसाक शिकवतत, वर येताना सावकाश या. घायत वर इलो तर रक्तात बुडबुडे होतत. माणूस लुळो पडता, नायतर जाता. बरो करूक खंयचो बुडबुडो आणलास?"

इथे मी चूक केली. माझ्या बीएस्सीचा मान राखायला मी त्याला समजावून सांगायला बसले. म्हटलं, "तुमचा तो बुडबुडा निराळा. हे एवढे बारीक असतात की केसाच्या रुंदीत तीस-चाळीस मावतील. रक्तातल्या लाल पेशीपेक्षाही लहान, कुठे अडकत नाहीत. डोळ्यांना दिसत सुद्धा नाहीत. बाटलीत नुसतं दुधाळ पाणी दिसतं."

"दिसनत नाय?"

"नाय."

"मगे ठीक आसा," सुदेश म्हणाला. "कदी जावचा?"

"अवो, मी त्या कट्ट्याच्या माणसाबद्दल नाय सांगत! मी प्रयोगशाळेतल्या—"

पण घरात होकार होऊन गेला होता. बायको नको म्हणते आणि बायको समजावून सांगते, यातलं दुसरंच पुरुषाच्या लक्षात राहतं. त्याच्याकडे बघून मला राग धड करता येईना. तन्वी बोटीच्या शिडीवर चढताना मागे घसरली होती, त्याला आठ दिवस झाले होते. त्या दिवसापासून तो तिला उचलूनच बोटीत ठेवत होता आणि उचलताना दरवेळी काहीतरी विनोद करत होता.

मी तरी ठाम राहिले. म्हटलं, मी सही करणार नाही. तेव्हा सासूबाईंनी वरच्या कोर्टात जायचं ठरवलं. म्हणजे देवळात. कौल लावायला.

आमच्याकडे कौलाशिवाय विहीर खणत नाहीत आणि मुलगी देत नाहीत. गुरव देवाच्या पाषाणाला फुलांचे ओले कळे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो. उजवा कळा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. सोमवारी आम्ही सगळे गेलो. तन्वी सुदेशच्या कडेवर. सात वर्षांची मुलगी कडेवर असली की देवळातली माणसं आधी तिच्या पायांकडे बघतात, मग पटकन देवाकडे.

गुरवाने हात जोडले. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुज्या लेकरांनी तुजे पाय धरले हत. ह्या चेडवाच्या पायात बळ नाय, तां तुका ठावक आसा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"बुडबुड्याच्या औषधान ह्या चेडवाक गुण येतलो आसात तर उजवो दी, नायतर डावो दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

व्हय मीही म्हणाले. गुरव श्वास घ्यायला थांबला की ते तोंडातून निघतंच, बीएस्सीचा इलाज नाही. सगळे पाषाणाकडे बघत राहिलो. पंखा बंद केला होता, वाऱ्याने कळा पडला असं कोणी म्हणू नये म्हणून. एवढी काळजी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतही पाहिली नाही. आणि उजवा कळा सुटला, अलगद खाली आला.

सासूबाई रडायला लागल्या. मलाही हुंदका आला, हे कबूल करायला हवं. शोधनिबंधाच्या बाजूने देवाने मत दिलं होतं.

बुधवारी आम्ही कट्ट्याला गेलो.

माडीवर बाकं होती आणि बाकांवर माणसं. फोंडाघाटाहून आलेली जानकी नावाची बाई माझ्या शेजारी होती. तिचा मंगेश, चौदा वर्षांचा, चाकाच्या खुर्चीत. मान उशीला टेकवलेली, डोळे मात्र चलाख. तन्वीने त्याला जीभ दाखवली तर त्याने लगेच परत दाखवली.

"तुमचा चालता?" जानकीने विचारलं.

"वाईच. भिंतीक धरून."

"नशीब." तिने समोरच्या फ्लेक्सकडे बोट केलं. "ह्यां चित्र बघून मी इलंय बघा. आदी कोणी सांगूकच नाय, आत काय बिघाडला तां. ह्यां बघल्यावर माका कळला. कोणी काढल्यान काय माहीत, पण आवशीच्या काळजाचा माणूस आसतला."

तन्वी बोलणार होती, तिचं तोंड मी दाबलं.

आम्हाला आत बोलावलं. धनेश सरांचा कोट पांढरा होता आणि टेबलावर स्नायूंचा प्लास्टिकचा माणूस होता, एक हात नसलेला. आम्ही आपसात मालवणी बोलतो, पण कोटासमोर बसलं की सगळ्यांची भाषा पाटावर बसते.

"या ताई. विज्ञान आता फार पुढे गेलंय," सर म्हणाले.

"हो, थोडं वाचलंय. तुम्ही कोणता जीन देणार?"

"आपण मल्टीजीन देतो."

"मल्टी?"

"सगळेच. शरीराला जो हवा तो शरीर घेतं."

"म्हणजे बाजारात वांगी निवडून घेतात तसं?"

"अगदी बरोबर! तुम्ही सायन्सच्या दिसता."

"आणि माणसांवर कुठे करून बघितलंय हे?"

"ताई, परदेशात उंदरांवर काय यश आलंय, तुम्हाला कल्पना नाही."

मला कल्पना होती. शेवटच्या वाक्यासकट होती.

"घाबरायचं काही नाही," सर म्हणाले, आणि त्यांनी यंत्रावरचं कापड बाजूला केलं. यंत्राला झेंडूचा हार होता, कुंकवाचं बोट होतं. एक पेटी, एक वायर, वायरीच्या टोकाला गुळगुळीत तोटी, बाजूला जेलची बाटली. सासूबाई पुढे वाकल्या. आणखी वाकल्या. मग त्यांची भाषा पाटावरून उठली.

"अगो रसिका! ह्यां माज्या ढोपरार फिरवलेल्यांनी तांच नाय मा?"

"आजी, हे जर्मन तंत्रज्ञान आहे."

"कुडाळाक धा दिवस फिरवलेल्यांनी. थंड थंड लागता. ढोपार आसा तसांच आसा!" आणि पुरावा म्हणून त्या ढोपर उघडं करायला लागल्या.

"आजी, यंत्र तेच दिसेल. फरक इंजेक्शनमध्ये आहे," सर म्हणाले. गडी पक्का. त्यांनी एक लहान बाटली घेतली, खळखळ हलवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. "हे बघा. प्रत्यक्ष बघा. बुडबुडे!"

तन्वी टेबलावर बसली होती, चड्डी मांडीपर्यंत वर केलेली. तिला भीती वाटतच नव्हती. तिच्या दृष्टीने ओळखीची मंडळी आली होती. मान तिरकी करून ती बाटलीत बघत होती.

"आई, दात नाय तो खंयचो?"

मला पुढे होऊन ती बाटली फोडावीशी वाटली आणि पाय हलेनात. गंमत बघा, त्या खोलीत पाय न हलणारी मी एकटीच होते. आतल्या आत एक बाई म्हणत होती, असू दे गो, कोण जाणे, देवाने उजवा दिलाय, कोण जाणे. ती बाई बीएस्सी होती.

सुदेश इतका वेळ कोपऱ्यात उभा होता. तो पुढे आला, सरांच्या हातातली बाटली घेतली आणि पाण्यात उतरण्याआधी मास्क बघतो तशी डोळ्यांजवळ धरून फिरवली. स्वच्छ पाणी, आत सोड्यासारखे बुडबुडे, वर वर चाललेले.

"रसिका," तो म्हणाला, "हे दिसतत."

मग तो सरांकडे वळला.

"सर, हे बुडबुडे माका दिसतत."

"दिसणारच! एकदम शुद्ध आहेत."

"दिसतत ते आत घालूचे नसतत."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"मी डायवर आसंय. माका एकच गजाल शिकवलेली आसा, आणि ती बुडबुड्याचीच आसा." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं, इतक्या हळू बोलला. "माज्या बायलेन सांगल्यान, खरो आसता तो दिसना नाय, दुधासारक्या दिसता. ह्यो सोडो आसा. ह्यो तुमी माज्या चेडवाच्या शिरेत सोडूक होतास?"

सरांनी बाटली परत मागितली. सुदेशने ती बेसिनमध्ये ओतली, बाटली विसळली सुद्धा, आणि टेबलावर ठेवली. घरी एक कप धुवत नाही हा माणूस. मग तन्वीला उचललं.

बाहेर आम्ही आलो त्याच्या पाठोपाठ आतून घोषणा आली की यंत्र गरम झालंय, बाकीच्यांनी पुढच्या बुधवारी यावं. लोक उठायला लागले. मी जानकीजवळ गेले. म्हटलं, परत येऊ नका. आत पाणी आहे नुसतं, बुडबुड्याचं. जिवाला धोका आहे मंगेशच्या.

"तुमका काय ठावक?"

"ते चित्र माझं आहे," मी फ्लेक्स दाखवला. "माझ्या मुलीसाठी काढलेलं. यांनी चोरलं."

तिने चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मगे चित्रात खोटा काय आसा?"

"खोटं काही नाही. तसं होतं. पण अजून उंदरांत. इथे नाही, आत्ता नाही."

"कदी मगे?"

"दहा वर्षं, पंधरा... माहीत नाही."

तिने मंगेशच्या खुर्चीचा ब्रेक सोडला. "तुमचा अजून भिंतीक धरून चालता," ती म्हणाली. "तुमका नको म्हणूक परवाडता." ती काही वाईट बोलली नाही. तिने नुसतं सांगितलं. मग दोघा माणसांनी खुर्ची उचलून जिन्यावरून खाली नेली आणि मंगेशने जाता जाता तन्वीला परत एकदा जीभ दाखवली. तिचा फोन नंबर मी घेतला नाही. सुचलंच नाही. अजून ते टोचतं.

परतीच्या एसटीत सासूबाई खिडकीशी बसल्या. धामापूरचा फाटा गेला तेव्हा बोलल्या.

"देव खोटो कसो बोललो गो?"

मी जरा विचार केला. "देव खोटो नाय बोलूक, आये. तुमी काय इचारलात? बुडबुड्यान गुण येतलो काय. तो म्हणालो, येतलो. कोणाच्या हातान आणि कदी, तां इचारूकच नाय."

त्यांना हे पटायला दोन थांबे लागले. "म्हणजे गुरवाची चूक," त्या म्हणाल्या आणि समाधानाने डोळे मिटले. मी वाद घातला नाही. संशोधकांनीही उंदरांना विचारलं तेवढंच उत्तर मिळवलं होतं. प्रश्न आखडता होता, उत्तर खरं होतं, आणि मधल्या जागेत एक माणूस पांढरा कोट घालून बसला होता.

तक्रार करायला मी आणि सुदेश सरकारी कचेरीत गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"यंत्रात पोटातलं बाळ दिसतं का?"

"नाही. काहीच दिसत नाही."

"मग ते आमच्या गर्भलिंगाच्या कायद्यात बसत नाही. बाळ दिसत असतं तर उद्याच सील केलं असतं."

"पण तो जीन टोचतोय."

"खरोखर टोचतोय?"

"नाही. खोटाच."

"मग जीनचाही प्रश्न नाही," साहेब म्हणाले, आणि अर्ज ठेवून जा म्हणाले. तो अजून तिथे सुखरूप असणार.

धनेश सरांना शेवटी बंद केलं ते शेवंतीकाकीने. तिने ग्रुपवर टाकलं: कट्ट्याचो डॉक्टर रक्तात सोडो घालता, आमच्या सुदेशान तेची मान धरल्यान, बुडबुडो दिसलो तर पळा. मान कोणी धरली नव्हती. पण ज्या वाटेने बुडबुडा गेला होता त्याच वाटेने सोडा गेला, आणि जास्त वेगाने गेला. पंधरा दिवसांत माडीला कुलूप. सर हल्ली घाटावर असतात म्हणे, केस उगवतात. काकी स्वतः कट्ट्याला गेली आणि येताना फ्लेक्स गुंडाळून घेऊन आली.

"जाड आसा बरो," म्हणाली. "फुकट कित्याक घालवूचो?"

तेव्हापासून तो आमच्या अंगणातल्या खळ्यात पसरलेला आहे आणि त्यावर काकीची आणि आमची रातांब्याची सोलं वाळतायत. बुडबुड्याचा अर्धा चेहरा लालभडक झालाय. 'कोकणात प्रथमच' तेवढं अजून वाचता येतं.

आज दुपारी चर्रर्र झालं. मग काजूगर. एक, दोन, तीन. चौथा हातात घेतला तेव्हा दुसरं चर्रर्र झालं. मी उठले नाही. उठले की तिला आवडत नाही. भिंतीवरून हात सरकल्याचा आवाज ऐकत बसले, माजघर, उंबरा, उंबऱ्यापाशी थांबणं, पुन्हा भिंत. पडवीत येऊन ती माझ्या पाठीला पाठ लावून बसली. घामाने ओली, झोपेने गरम. केसांना खोबरेल तेलाचा वास. मी पाठीने तिचं वजन मोजत राहिले आणि ते तिला कळू दिलं नाही.

खळ्यातल्या फ्लेक्सकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"आई, गोष्ट सांग."

"कुठली?"

"उंदरांची. बुडबुड्याची नको, ती झाली. उंदरांची."

तर मी सांगितली. घर, दार, चिठ्ठी, ऐकू न येणारा आवाज. दार किलकिलं झालं, ओळ आत गेली, दार बंद झालं. आणि मग एक दिवस उंदीर उठले, पाय झाडले, चाकावर चढले आणि धावायला लागले. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आधी मी नेहमी थांबते, तिथेच थांबले.

"सगळे?"

"सगळे."

"तो खोटो डॉक्टर नाय, खरे डॉक्टर होते ते?"

"खरे. एकदम खरे."

"आणि ते उंदीर बरे झाले."

"झाले ना."

तिने पाठ फिरवली, माझ्या मांडीवर हनुवटी टेकली आणि वर बघितलं. नवे दोन दात आता अर्धे आलेत.

"मगे ते आता खंय आसत?"